सरांचं पान कुणी मोजलं नाही

निसळ सर गेल्याचं मला कळलं ते आठव्या दिवशी. पत्र आधी आमच्या घरी काष्टीला गेलं. तिथं पोस्टमननं पत्ता खोडून शेवगावचा घातला, आणि शाळेच्या शिपायानं ते माझ्या हातात दिलं तेव्हा मी वर्गात भूगोल शिकवत होतो. कोपरा फाडलेलं कार्ड. बातमी कसली हे वाचायच्या आधीच कळलं, कुणाची एवढंच बघायचं राहिलं… मुलांना नकाशा काढायला सांगून मी व्हरांड्यात आलो. चार ओळी होत्या, सरांच्या पुतण्याच्या अक्षरात. पोटातला जुना व्रण फुटला, दोन दिवस दवाखान्यात होते, शुद्ध शेवटपर्यंत होती. वयाची पन्नाशीसुद्धा गाठली नाही माणसानं.

दहाव्याला मी नगरला गेलो. सरांनी लग्न केलं नव्हतं, त्यामुळे भेटायला जायचं ते त्यांच्या थोरल्या भावाच्या घरी. भाऊ आत कुणाशी तरी बोलत होते. सरांच्या वहिनी माजघराच्या दारात आल्या, मला ओळखलं नाही, म्हणून मी सांगितलं की मी सखाराम, बोर्डिंगात होतो, सरांच्या हाताखाली दोन वर्षं भोजनमंत्री होतो. त्यावर त्या चटकन म्हणाल्या, "म्हणजे तुमच्याच हातचं जेवले हो ते! आमच्याकडं काही त्या वर्षांत पाण्याच्या भांड्यापलीकडं घेतलं नाही. रोज संध्याकाळी यायचे, ओट्यावर बसून सासूबाईंशी बोलायचे. जेवायला बसा म्हटलं की म्हणायचे, पोरांबरोबर जेवून आलोय."

मी म्हणालो, "वहिनी, आम्हाला वाटायचं ते तुमच्याकडं जेवतात."

त्यांनी पदर तोंडाशी नेला आणि खाली बसल्या. म्हणाल्या, "त्यांचं रेशनचं कार्ड इथंच होतं. त्यांनी मागितलं नाही… आणि आम्हीही दिलं नाही. घरात पाच मुलं होती हो."

आमच्या बोर्डिंगात काय होतं हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना यातलं काही कळायचं नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो. पुढं सरांच्या शोकसभेत मला बोलायला सांगितलं होतं. मी उभा राहिलो, 'सर' एवढंच म्हणालो आणि खाली बसलो. तिथं जे बोलता आलं नाही ते इथं लिहितो आहे. सरांचे गुण सांगणारे पुष्कळ आहेत. मला माझं सांगायचं आहे.

मी आमच्या भावकीतला पहिला बी. ए. हे मी कधी लपवलं नाही आणि आजही लपवत नाही. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी मी कॉलेजात गेलो. राहायला जागा मिळाली ती शहरातल्या काही सद्गृहस्थांनी भाड्याच्या इमारतीत चालवलेल्या बोर्डिंगात. आम्ही चौसष्ट मुलं, कुणी सोनईचा, कुणी शेवगावचा, कुणी श्रीगोंद्याकडचा. निसळ सर दिवसा एका शाळेत शिकवायचे आणि बोर्डिंगाचे रेक्टर म्हणून तिथंच जिन्याखालच्या खोलीत राहायचे. घराणं भिक्षुकीचं आणि कारकुनीचं. पण मी गेलो त्या आधीच्याच महिन्यात त्यांनी एक गोष्ट केली होती, आणि त्यापायी घरच्या स्वयंपाकघरात त्यांना मज्जाव झाला होता, जेवायचं तर बाहेर ओट्यावर. हे मला फार पुढं कळलं.

बोर्डिंगात तोवर तीन चुली होत्या. एक ब्राह्मणांच्या मुलांची, एक आमच्यासारख्या शेतकऱ्यांच्या मुलांची, आणि तिसरी मागच्या पडवीत, तिघांची. त्या तिघांना बाकीचे दोन्हीकडचे चुलीजवळ येऊ देत नव्हते. सुट्टीत बोर्डिंग रिकामं असताना सरांनी दोन चुली स्वतः कुदळीनं मोडल्या. एक स्वयंपाक, एक पंगत. कमिटीतले लोक संतापले, पण सरांसारखा फुकट राबणारा रेक्टर दुसरा मिळणार नव्हता, म्हणून त्यांनी तोड काढली. वर्षभर करून बघा. अन्नाची एक जरी तक्रार आली, एक जरी मुलगा जेवणापायी घरी गेला, की चुली परत मांडायच्या. दिवस रेशनचे. धान्यावरचा कंट्रोल कधी उठे, कधी परत येई, दाणे कधी पुरत, कधी पुरत नसत. सर हरणार अशी कमिटीची खात्रीच होती.

पहिल्या पंगतीला निम्मे पाट रिकामे राहिले. हे मी ऐकून लिहीत नाही, मी तिथं होतो, आणि त्या तिघांशेजारी जागा होती, तिथं मीही बसलो नाही. लिहायला लाज वाटते. मी भिंतीला टेकून उभा राहिलो, जसं काही मला भूकच नव्हती. सरांनी वाढता वाढता माझ्याकडं एकदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं.

"सखाराम, तू आजपासून भोजनमंत्री."

"मी? सर, मला यातलं काही येत नाही."

"भाकऱ्या थापायला ठमाबाई आहेत. तुला वाढायचं आहे." आणि पुढं म्हणाले, "वाढणाऱ्याला प्रत्येक पानापुढं वाकावं लागतं. बघ जमतंय का."

पहिले चार दिवस माझी कंबर नाही दुखली, मान दुखली. पाचव्या दिवशी काही वाटेनासं झालं. त्या तिघांतला एकजण, दामू, मला म्हणाला, "मंत्रीसाहेब, आमटी वाढताना तोंड तिकडं फिरवता, ती मांडीवर पडती माझ्या." सगळी पंगत हसली. मी पण हसलो. त्यानंतर मी तोंड फिरवलं नाही.

बोर्डिंग चालवायची सरांची तऱ्हाच वेगळी होती. नोकर म्हणून एकट्या ठमाबाई, बाकी सगळं आम्हीच. भोजनमंत्री, स्वच्छतामंत्री, पाणीमंत्री, दिवाबत्तीचा मंत्री. रविवारी सकाळी मंत्रिमंडळ भरायचं. आम्ही बाकावर बसायचो आणि सर उंबऱ्यावर. चूक झाली तर ओरडायचे नाहीत, विचारायचे, "मग तू काय ठरवलंस?" ठरवलेलं नसलं की माणूस मेल्याहून मेला होई. ठरवलेलं असलं आणि ते चुकीचं असलं तरी सर ते चालू देत. मंत्र्याचा शब्द एकदा गेला की रेक्टरनं तो मोडायचा नाही, हा त्यांचा हट्ट. हट्टीच होते ते. कठड्यावर ओलं धोतर दिसलं की त्यांचा पारा चढायचा, आणि आंघोळ करताना ते इतकं बेसूर गायचे की पाणीमंत्री म्हणायचा, "सर, सूर नको, पण निदान पाणी तरी कमी घ्या."

त्या पहिल्या महिन्यात एक घोटाळा झाला. बाजाराच्या दिवशी कुणाचा मामा यायचा, कुणाचा चुलता, आणि तेही पंगतीला बसायचे. एकदा शेवटच्या ओळीतल्या सहाजणांना भाकरी उरली नाही. त्यातला एकजण रागानं वळकटी बांधायला लागला. सर त्याच्या खोलीत तासभर बसले तेव्हा तो थांबला. त्या रविवारी मी मंत्रिमंडळात नियम मांडला आणि तो पास झाला. ज्याचं कार्ड इथं, त्याचं पान इथं. पाहुण्याला पान नाही, मग तो कुणीही असो. घरून दाणे आले तर ते कोठीत पडतील, सगळ्यांचे होतील. सरांनी विचारलं, "कुणालाच सूट नाही?" मी ताठ होऊन म्हणालो, "कुणालाच नाही, सर." ते म्हणाले, "चांगला नियम आहे."

नियम माझा होता, हे लक्षात ठेवा. दुसऱ्या दिवसापासून मी ठमाबाईंना सांगू लागलो, चौसष्ट पानं. कार्डं चौसष्ट, म्हणून पानं चौसष्ट. पासष्टावं माणूस रोज माझ्यासमोर उभं होतं, आमटीची बादली हातात घेऊन. पण त्यांचं कार्ड भावाकडं होतं. आणि मला ते मोजावंसं वाटलंच नाही, कारण सकाळची पंगत उठली की सर शाळेत जात आणि संध्याकाळची उठली की घरी जातो म्हणून बाहेर पडत. घरी म्हणजे जेवायलाच, दुसरं कशाला? उरलंसुरलं सकाळी कधी घेत असतील, ठमाबाई म्हणत तसं. उरण्यासारखे दिवस मात्र थोडे होते. माणूस उपाशी मेला असं मी म्हणत नाही. मी डॉक्टर नाही. त्या दिवसांचा आणि पोटातल्या व्रणाचा संबंध मी जोडत नाही, जोडायचा धीरही नाही. पण ते अर्धपोटी राहिले, आणि ते कुणाला कळू दिलं नाही, कारण कळलं असतं तर मी नियम मोडला असता, नियम मोडला की पाहुणे परत आले असते, आणि पाहुणे आले की चुली परत मांडल्या गेल्या असत्या. हा सगळा हिशेब त्यांनी एकट्यानं केला होता.

त्यांच्या कोटाच्या खिशात फुटाणे असायचे. चालता चालता एकेक तोंडात टाकायचे. आम्ही पोरं त्यांना पाठीमागं फुटाणेमास्तर म्हणायचो. चिक्कू आहेत, कुणाला देत नाहीत, असंही म्हणायचो. स्नेहसंमेलनात फिशपाँड वाचायची पद्धत होती, ज्याच्या त्याच्या खोडीवर एकेक ओळ. सरांवरची ओळ मी लिहिली. 'मुलांना नियम, खिशाला फुटाणे.' टाळ्यांचा कडकडाट झाला. सर उठले, हसत हसत खिशात हात घातला आणि पहिल्या रांगेतल्या सगळ्यांना चार चार फुटाणे वाटले. खिसा उलटा करून दाखवला. आम्ही आणखी टाळ्या वाजवल्या… त्या संध्याकाळी ते काय खाणार होते, हे आज मला माहीत आहे.

आणि एका माणसाला हे तेव्हाच कळलं होतं. तो माणूस माझा बाप.

आबा कधी शाळेत गेले नाहीत. पोरगं कॉलेजात कसं राहतं ते बघायला एके रविवारी काष्टीहून सकाळच्या गाडीनं आले. पोचले ते नेमके पंगतीच्या वेळी. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, हातात काठी. मी वाढत होतो. बादली खाली ठेवून त्यांच्यापाशी गेलो आणि त्यांना दारातच सांगितलं, "आबा, इथं कार्डाशिवाय पान वाढत नाहीत. नियम हाय."

"बरं, बरं," आबा म्हणाले. "म्या काय जेवाया आलोय व्हय? तुला बघाया आलोय. तू वाढ."

चौसष्टांच्या देखत मी बापाला दारात उभं केलं, आणि माझी छाती फुगली होती, की बघा, मंत्र्यानं स्वतःच्या बापालाही सूट दिली नाही! सर पलीकडून आले. आबांच्या पाया पडले, वयानं मोठे म्हणून. आबा गडबडून मागं सरकले, "आवं मास्तर, ह्ये काय करता?" सर त्यांना जिन्याखालच्या खोलीत घेऊन गेले. दोघं तासभर बोलत बसले होते. बैलांवर, विहिरीवर, माझ्यावर.

दुपारी आबांना गाडीत बसवायला मी स्टेशनवर गेलो. फलाटावर आल्यावर म्हणाले, "सख्या, तुजा मास्तर जेवत न्हाई."

"आबा, ते भावाच्या घरी जेवतात."

"न्हाई जेवत."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"बैलाच्या दावनीशी जलम गेला माजा. पोट भरलेल्या जनावराचा डोळा मला कळतो, मानसाचा कळत न्हाई व्हय?" मग ते हळू आवाजात म्हणाले, "त्यानं मला मूठभर फुटानं दिलं. आन् सवता खाल्लं ते येक येक मोजून. जेवल्याला मानूस फुटानं मोजून खात न्हाई, बाळा."

मला राग आला. आबांना शिकलेल्या माणसांच्या गोष्टी काय कळतात, असं मनात आलं. गाडी सुटेपर्यंत मी दुसरीकडं बघत राहिलो.

पंधरा दिवसांनी गावच्या एका माणसाबरोबर आबांनी बाजरीचं गाठोडं पाठवलं. पुऱ्या दोन पायल्या. निरोप असा, की ही मास्तरला दे, त्याच्या हातात दे, दुसऱ्या कुणाला देऊ नको. मी काय करावं? मी ती कोठीत ओतली. घरून आलेले दाणे कोठीत. नियम माझाच होता, आणि बापाची बाजरी म्हणून मी तो मोडणार नव्हतो. संध्याकाळी सरांना मी स्वतः जाऊन सांगितलं. आबांनी तुमच्यासाठी पाठवली होती, पण मी ती सगळ्यांत घातली.

सर खुर्चीत बसले होते. मान खाली होती. मग म्हणाले, "बरोबर केलंस." खुर्चीतून उठता उठता म्हणाले, "वडलांना पत्र टाक. लिही, बाजरी पोचली. फार गोड होती म्हणून लिही."

शाबासकी मिळाली म्हणून मी खूश होऊन खोलीत गेलो. पत्रही टाकलं.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा आबा गोठ्यात होते. त्यांनी पहिलं विचारलं ते हेच, "मास्तरानं खाल्ली का रं बाजरी?" मी म्हणालो, "सगळ्यांनी खाल्ली, आबा." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. वैरणीची पेंढी उचलली आणि ते पलीकडच्या बैलाकडं गेले. तो विषय त्यांनी परत कधी काढला नाही. आबांना जाऊन आता दोन वर्षं झाली. तुमचं खरं होतं, हे त्यांना सांगायचं राहिलं. सरांना तर काहीच सांगायचं राहिलं.

वर्ष पुरं झालं तेव्हा कमिटीतले तिघं तपासणीला आले. त्यांनी एकेका मुलाला बाजूला घेऊन विचारलं, पोटभर मिळतं का? चौसष्टांपैकी एकानंही नाही म्हटलं नाही. जो वळकटी बांधत होता, त्यानंही नाही. मिळतच होतं पोटभर, खोटं कुणी बोललं नाही. मग सहज विचारावं तसं कमिटीतल्या एकानं सरांना विचारलं, "आणि रेक्टर, तुमचं?" सर म्हणाले, "माझी काही तक्रार नाही." हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं. दारात उभा होतो मी. त्या माणसानं कागदावर सही केली.

दहाव्याच्या दिवशी वहिनींकडून निघालो तो सरळ स्टेशनकडं जाणार होतो. पाय बोर्डिंगाकडं वळले. इमारत तीच आहे. जिन्याखालच्या खोलीत आता नवे रेक्टर राहतात, तरुण आहेत, ते गावाला गेले होते. मुलं संध्याकाळची पंगत मांडत होती. चूल एकच आहे. मी ती मुद्दाम आत जाऊन पाहिली. ठमाबाईंच्या डोळ्यांना आता कमी दिसतं, आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. म्हणाल्या, "मंत्री आला का?" मी त्यांच्याजवळ बसलो. सगळं सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "बाई, सर पंगतीत कुठं बसायचे हो? मला आठवेना."

ठमाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. निखाऱ्याशी टेकवली. ती टम्म फुगली.

"ते कुटं बसायचे?" त्या म्हणाल्या. "ते हुबंच असायचे."

मग मुलं बोलवायला आली. मी म्हणालो, नको, माझी गाडी आहे. त्यांचा भोजनमंत्री म्हणून जो होता, तो म्हणाला, "असं कसं, सर? पान वाढलंय." दोन मुलांच्या मध्ये त्यांनी मला बसवलं. ते कोण होते, कुणाचे होते, त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एकानं माझ्याकडं मीठ सरकवलं. भाकरी बाजरीची होती. वाढणारा पोरगा माझ्यापुढं वाकून म्हणाला, "आणखी?" त्याच्या चेहऱ्याकडं बघून मला नाही म्हणता येईना. मी अर्धी घेतली. सगळी खाल्ली. पान पुसून घेतलं, उठलो, आणि त्या जेवत्या पोरांकडं बघत दाराजवळ जरा वेळ उभा राहिलो.